कंट्रोलला हात लावायचा नाही

बिराजदार सरांच्या उजव्या बुटाला पॉलिश असायचं आणि डाव्याला नसायचं. कॉलेजात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, सकाळी घाई झाली असेल. महिनाभरानं वाटायचं, घरी काहीतरी बिनसलंय. वर्षभरानं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की बाबा रे, हा प्रयोग आहे, आणि सध्या बुटांचा तिसरा जोड चालू आहे. पॉलिशनं चामड्याचं आयुष्य वाढतं का, हे सरांना बघायचं होतं. त्यासाठी एका बुटाला पॉलिश करायचं आणि दुसरा होता तसाच ठेवायचा. हा जो तसाच ठेवलेला असतो, त्याला शास्त्रात कंट्रोल म्हणतात. पहिल्या दोन्ही जोडांत उजवा आणि डावा बूट तळ झिजून एकाच महिन्यात गेले होते, पण सर म्हणायचे, दोन जोडांवरून काय बोलायचं.

"प्रयोग म्हंजे काय?" असं ते पहिल्याच तासाला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकायचे, "दोन सारख्या गोष्टी घ्यायच्या. एकीला काय करायचं ते करा. दुसरीला हात लावायचा न्हाय. कंट्रोलला हात लावायचा न्हाय. बाकी सगळं पुस्तकात हाय." एवढं झालं की फळ्याकडे वळून इंग्रजीत सुरू व्हायचे. वर्गात इंग्रजी, प्रयोगशाळेत त्यांच्या गावची, वळसंगची मराठी आणि राग आला की कन्नड, अशी त्यांची वाटणी होती. आम्हा बहुतेकांना कन्नड येत नसे, त्यामुळे सर आपल्याला नक्की काय म्हणाले हे न कळताच कित्येक पोरं पदवीधर झाली.

त्यांचा विषय पदार्थविज्ञानातला, पातळ थरांचा. काचेवर, पत्र्यावर, मिळेल त्याच्यावर कुठल्या तरी धातूच्या ऑक्साईडचा इतका पातळ थर चढवायचा की डोळ्यांना दिसू नये, आणि मग तो काही कामाचा आहे का ते तपासायचं. बहुधा नसायचा. असा निकाल आला की शहाणे लोक वही खणात टाकतात आणि दुसरा धातू घेतात. सर तो निकाल छापायला पाठवायचे. अमुक थराचा तमुक गुणधर्मावर परिणाम आढळला नाही. त्यांचे तीस वर्षांचे पेपर ओळीनं वाचले तर या जगात कशाचाच कशावर परिणाम होत नाही अशी वाचणाऱ्याची खात्री पटेल. विभागात त्यांना मागून 'नाही-सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा अंदाज आहे.

एकदा कॉलेजात एक मोठे पाहुणे आले. संगीत ऐकवलं की पिकं जोमानं वाढतात, यावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं. पडद्यावर हिरवीगार झाडं दाखवली. टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला, आणि प्राचार्य आभार मानायला उठणार तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सर उभे राहिले.

"ज्या झाडांना गाणं ऐकवलं न्हाय, ती कुटं ठेवली होती?"

पाहुणे हसून म्हणाले, तशी झाडं ठेवलीच नव्हती, सगळ्यांना ऐकवलं.

"मग वाढली कुणापेक्षा?" सरांनी विचारलं आणि ते खाली बसले.

त्यानंतर मोठ्या पाहुण्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी सरांना हटकून परीक्षा विभागाचं काम निघायचं. योगायोगच म्हणायचा.

घरीही तोच कारभार. दारात कढीपत्त्याची दोन झाडं, एकाला खत, एकाला नाही. कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या, एकीत मीठ रीतसर, दुसरीत नाही, आणि बुरशी आली तरी दुसरी टाकायची नाही, कारण ती कंट्रोल. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा देता देता मला म्हणाल्या होत्या, "माझं नशीब बघ, संसार सुखाचा हाय का नाही हे तपासायला ह्यांनी दुसरी आणली न्हाय." सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दुसरी कशाला, लग्न न झालेला मी पुरला असता की. तो कुटं शिल्लक ठेवलास?"

मी तेव्हा त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. काम कायमच्या माणसाचं, खुर्ची मात्र रिकामी असेल ती. शिवाय सरांकडे पीएच.डी. करत होते. आमचं घर तेलुगू, विणकरांचं. माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत सायझिंगमध्ये कामाला होते. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावायची, म्हणजे विणताना ते तुटत नाही. जन्मभर खळीत हात घालून त्यांनी मला शिकवलं, ते हे दिवे लावण्यासाठी, हे पुढे कळेलच.

सरांकडे काम करणं म्हणजे रोजचा अपमान होता, पण तो निष्पक्ष होता. माझा ग्राफ चांगला आला की ते आधी कागद उजेडात धरायचे. "एवढी सरळ रेघ? आधी रेघ मारलीस आणि मग ठिपके टाकलेस का काय?" देखणं स्थळ चालून आलं की मुलीचा बाप जशी चौकशी करतो, तशी ते चांगल्या निकालाची करायचे. वाईट निकालाला मात्र चहा पाजायचे.

अशा माणसाकडे एक दिवस डॉ. मुजावर मॅडम आल्या. बारावीला सरांच्या विद्यार्थिनी, आता एका धर्मादाय दवाखान्यात सर्जन. साखरेच्या आजारानं पायाला जखमा झालेले पेशंट त्यांच्याकडे रांग लावून यायचे. त्यात विणकर पुष्कळ, मागापाशी उभं राहून आयुष्य गेलेले. मॅडम खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "सर, मला बोटं कापायचा कंटाळा आलाय. तुमचे ते थर कापडावर चढतात का?"

झिंक ऑक्साईडपुढे जंतू फारसे टिकत नाहीत, हे पुस्तकात होतं. तो थर पट्टीच्या कापडावर चढवला तर जखम लवकर भरेल का, हा प्रश्न. दवाखान्याच्या समितीनं परवानगी दिली, पेशंटनी समजून घेऊन सह्या केल्या, आणि सरांच्या अंगात आलं. दवाखान्यातलं तयार बँडेज कंट्रोल म्हणून वापरू, असं मॅडम म्हणाल्या. सरांनी ते साफ उडवून लावलं. ते कापड वेगळं, आपलं वेगळं, मग फरक कशाचा हे कसं कळणार? एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्यांनी विरळ सुती कापड विणून घेतलं. एकाच मागावरचं, एकाच ताक्यातलं. अर्ध्यावर थर चढवायचा, अर्धं तसंच. दोन्ही दवाखान्यात निर्जंतुक करायचं आणि सारख्या पाकिटांत भरायचं. पाकिटावर फक्त नंबर. कुठला नंबर कशाचा, ती यादी सरांच्या कपाटात कुलपात. म्हणजे डॉक्टरला माहीत नाही, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला माहीत नाही, पेशंटलाही माहीत नाही. यापेक्षा चोख काम जगात कुठे होत नसेल अशी माझी समजूत होती.

थर चढवायचं काम माझं. रसायनाच्या उकळत्या पाण्यात कापड बुडवायचं, काढायचं, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. पहिल्या उकळीला वर चिकट तवंग यायचा, तो मी पळीनं काढून टाकायचे. त्याचा वास ओळखीचा होता. वडील कामावरून आले की त्यांच्या शर्टाला यायचा तोच. मला त्या वासानं बरं वाटायचं, काम घरचं वाटायचं. एवढी मी हुशार.

एकदा मी सरांना विचारलं होतं, "सर, साधं कापडसुद्धा एकदा नुसत्या पाण्यात उकळून घ्यायचं का? हे मऊ लागतंय, ते जरा कडक आहे."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कंट्रोलला?"

"नाही सर, म्हटलं आपलं."

"हात लावायचा न्हाय."

लावला नाही. आज्ञाधारक विद्यार्थिनी म्हणून माझी ख्याती होतीच.

वर्षाच्या आत निकाल दिसायला लागला. थराच्या पट्टीखालच्या जखमा खरोखरच लवकर भरत होत्या. साध्या पट्टीच्या रेंगाळत होत्या. सरांचा विश्वास बसेना. तीन आठवडे ते त्या आकड्यांच्या मागे हात धुऊन लागले. वयं तपासली, साखर तपासली, जखमांची मापं पुन्हा काढायला लावली, संगणकावर विश्वास नाही म्हणून मला सगळी आकडेमोड हातानं करायला लावली. चूक सापडेना. शेवटी एका दुपारी वही मिटून ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "लागलं बघ काहीतरी हाताला." तीस वर्षांत पहिल्यांदा 'हो' आलं होतं. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं. सरांना मी तेव्हा पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. पेपर परदेशी नियतकालिकात स्वीकारला गेला. आमचा विभाग कुठल्या मजल्यावर आहे हे विचारत प्राचार्य स्वतः वर आले. गेटवर फ्लेक्स लागला, त्यावर सूक्ष्मदर्शकातून दिसणारे झिंक ऑक्साईडचे फुलासारखे स्फटिक, मधोमध प्राचार्य, आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या मापाचे सर. सरांनी फ्लेक्स पाहून एवढंच विचारलं, की संशोधन नक्की कुणी केलं. विभागात एक कायमची जागा निघाली. माझा प्रबंध महिनाभरात दाखल झाला की ती जागा माझी, असं प्राचार्य मला तोंडानं म्हणाले. इतकी वर्षं रिकाम्या खुर्चीवर बसलेल्या बाईला हे वाक्य कसं लागलं असेल ते मी सांगत नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं आणि दोघी रडलो.

त्याच आठवड्यात मी शेवटच्या नोंदी घ्यायला दवाखान्यात गेले. ज्यांच्या जखमा भरायच्या राहिल्या होत्या त्यांना अजून आपापल्या नंबरचीच पाकिटं मिळत होती. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर अंबादास मामा बसले होते. हे आमच्या यादीतले एक पेशंट. चादरीच्या मागावर चाळीस वर्षं काढलेला म्हातारा, डाव्या पायाला जखम, आमच्याच समाजातला, म्हणून मी मामा म्हणायचे. त्यांच्या शेजारी यादीतलाच दुसरा पेशंट, तोही विणकर. सोलापुरातली दोन विणकर माणसं भेटली की आधी एकमेकांच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून बघतात, मग तब्येत विचारतात. लग्नात नवरदेवाच्या कोटालाही यातून सुटका नाही. या दोघांनी तेच केलं होतं. हातातली पाकिटं फोडून पट्ट्या चिमटीत धरून बसले होते. डॉक्टरला माहीत नाही, सिस्टरला माहीत नाही, आणि ह्या दोघांना बोटांनी सगळं माहीत.

"पोरी," मामा मला म्हणाले, "ह्याला धुतलेली पट्टी देता आन मला कोरी. आसं का?"

"म्हणजे?"

"माझ्या पट्टीला खळ हाय की. बघ. सायझिंगची गंजी हाय सगळी. पाणी पीत न्हाय, वाळली की जखमंला धरून बसती. काडताना जीव जातो. ह्याची धुतलेली हाय, मऊसूत. मला बी ती द्या."

मी ती पट्टी चिमटीत धरली. अंगठा आणि दोन बोटं. मला कुणी सांगायची गरजच नव्हती, मी सायझिंगवाल्याची पोरगी. थर चढवताना उकळत्या पाण्यात अर्ध्या कापडाची खळ निघून जात होती. तो तवंग, तो वास. उरलेल्या अर्ध्याला सरांनी हात लावू दिला नव्हता आणि मी लावला नव्हता. फरक थराचा नव्हता. एक कापड धुतलेलं होतं आणि एक नव्हतं, एवढंच आमचं संशोधन.

"बघते मामा," मी म्हणाले. आणि घरी आले.

आठ दिवस मी गप्प बसले. हे मी कुणालाही सांगत नाही, पण सरांबद्दल लिहायचं तर ते वगळून चालणार नाही. आठ दिवस मी स्वतःला सांगत होते, की एका म्हाताऱ्याच्या बोटांवरून काय ठरवायचं, आणि प्रबंध टाईप होत होता. मला लाज वाटत होती आणि मी तरीही गप्प होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात.

नवव्या दिवशी सर दवाखान्यात पेशंटना भेटायला म्हणून आले. मी बरोबर होते. मामांनी त्यांना तेच सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमच्या ह्या पोरीला मागंच बोललो की मी."

सर आत गेले, सिस्टरच्या ट्रेमधली आयोडीनची बाटली उचलली आणि मामांच्या पाकिटातल्या पट्टीवर दोन थेंब टाकले. कापड काळंनिळं झालं. मग दुसऱ्याच्या पट्टीवर टाकले. तिथे आयोडीनचा तपकिरी डाग तसाच राहिला. खळीतल्या स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळं होतं, हा आठवीच्या पुस्तकातला प्रयोग आहे. बटाट्याच्या फोडीवर करतात.

सिस्टर म्हणाल्या, "हे तर रोजचंच आहे सर. जखमेला आयोडीन लावलं की काही पट्ट्या निळ्या होतात. आम्हाला वाटलं, ज्या निळ्या होतात त्यात तुमचं औषध आहे. मी रजिस्टरमध्ये लिहिलंय की."

लिहिलं होतं. शेरा: निळा डाग. पानापानावर. ते रजिस्टर संगणकात उतरवून घेणारी मीच. माझ्या तक्त्यात शेऱ्याला रकाना नव्हता.

सरांनी मला व्हरांड्यात नेलं. मला वाटलं, आता कन्नड. पण त्यांनी मराठीतच विचारलं, "किती दिवस झाले तुला सांगून?"

"आठ."

"आठ दिवसांत त्यांची ड्रेसिंगं किती झाली?"

तेव्हा ड्रेसिंग दिवसाआड असायचं. मी हिशेब केला. "चार."

"चार," सर म्हणाले. प्रबंधाबद्दल, पेपरबद्दल, फ्लेक्सबद्दल एक अक्षर नाही. पुढे म्हणाले, "तू उकळायचं का म्हणून इचारलं होतंस. मी न्हाय म्हटलं. ते माझं. ही चार तुझी." मग ते आत जाऊन डॉ. मुजावर मॅडमपुढे उभे राहिले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं पेन टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "आधी सगळ्यांचं कापड बदला. आजच्या आज. तुम्ही रडा नंतर, सर."

पेपर सरांनी त्याच रात्री पत्र लिहून मागे घेतला. प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजावलं, की एवढी घाई नको होती, निदान मूल्यांकन समितीची भेट होऊ द्यायची. सर म्हणाले, "समितीला कंट्रोल न्हाय, तिला चालंल." फ्लेक्स उतरवला गेला. पुढे तो मला कॉलेजच्या मागच्या टपरीवर पावसासाठी बांधलेला दिसला, त्यात झिंक ऑक्साईडची फुलं आणि प्राचार्यांचा अर्धा चेहरा होता. सरांचा फोटो असलेला कोपरा घडी घालून आत गेला होता. कायमची जागा रीतसर भरली गेली. उमेदवार चांगला होता, त्याचे सगळे ग्राफ सरळ यायचे.

पुढल्या महिन्यात अंबादास मामांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

त्या दिवशी सर ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभे होते. मॅडम बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "धुतलेली पट्टी असती तर बोट राहिलं असतं?" मॅडम म्हणाल्या, साखर खूप वाढलेली होती, रक्त पोचत नव्हतं, तसंही गेलं असतं कदाचित. "कदाचित म्हंजे?" सरांनी विचारलं. "सांगता येत नाही सर," मॅडम म्हणाल्या. सर मान हलवत राहिले. मग माझ्याकडे बघून, पण मला नव्हे, म्हणाले, "एका माणसाचा कंट्रोल कुटनं आणायचा?" आयुष्यभर त्या शब्दावर जगलेल्या माणसाला तिथे तो उपयोगी पडला नाही. मला तेव्हा त्यांची फार दया आली, आणि स्वतःची भीती वाटली.

प्रयोग आम्ही पुन्हा केला. पहिल्यापासून, नवी परवानगी, नवे पेशंट. या वेळी दोन्ही कापडं सोडा घालून सारखीच उकळली, सारखीच धुतली. माझ्या वडिलांनी येऊन ती चिमटीत धरून पास केली, तेव्हा कुठे सरांनी पाकिटं भरू दिली. निकाल आला तो सरांच्या घराण्याला शोभेलसा. झिंक ऑक्साईडच्या थराचा जखम भरण्यावर परिणाम आढळला नाही. पुन्हा नाही. मात्र सुरुवातीला ज्यांना खळीचं कापड मिळालं होतं त्यांच्या जखमा या सगळ्यांहून हळू भरल्या होत्या, हे आता स्वच्छ दिसत होतं. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी चाळीस पानं लिहून जे सिद्ध केलं ते हे, की जखमेवर धुतलेलं कापड बांधावं. कुठल्याही विणकराच्या म्हातारीनं हे मला फुकट सांगितलं असतं, तेही पीएच.डी. न करता. पेपर एका बारीकशा नियतकालिकानं छापला. तो सात-आठ जणांनी वाचला असेल, त्यात आम्ही तिघं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पानं चाळून विचारलं, "तुमच्या थराचा उपयोग नाही असंच ना? मग या कामाचा हाती लागलेला निष्कर्ष काय?" मी सांगितलं, निरीक्षकानं शेऱ्यासाठी रकाना ठेवावा. ते हसले. त्यांना विनोद वाटला. सरांना तोपर्यंत रिटायर होऊन वर्ष झालं होतं, प्रकृतीच्या कारणानं ते आले नाहीत असं कळवलं होतं. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाकडे चांगल्या ग्राफबद्दल बोलणी खाल्ली, त्यानं निदान वाईट ग्राफचा चहा पाजायला यायला हवं होतं.

मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू दारातच म्हणाल्या, "प्रकृतीला काय धाड भरलीय? आज गुरुवार. अंबादासच्यात गेलेत. दर सोमवारी नि गुरुवारी जातात, दोन वर्षं झाली. ड्रेसिंगचा वार चुकवत न्हाईत. तुला ठाऊक न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं.

मामांचं घर विणकरांच्या वस्तीत, बोळाच्या टोकाला. दारात सरांचे बूट काढून ठेवलेले होते. मी सवयीनं आधी डावा बघितला, मग उजवा. दोन्ही सारखेच धुळीचे होते, पॉलिश कशालाच नव्हतं. आत सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर खाटेवर मामा, एक पाय खाली सोडलेला. जखम पुष्कळशी भरली होती, टाचेजवळ थोडी उरली होती. शेजारी चुलीवरून उतरवलेलं पातेलं, त्यात उकळलेल्या पट्ट्या, आणि सर चिमट्यानं एक उचलून वाफ जायची वाट बघत होते. सिस्टरनं शिकवलं होतं म्हणे. हात तिच्यापेक्षा हळू चालत होता. मामा त्यांना तेलुगूमिश्रित मराठीत रागवत होते, घट्ट बांधू नका म्हणून, आणि सर व्हय व्हय म्हणत होते.

मला बघून सर म्हणाले, "झालं का?"

"झालं सर."

"काय इचारलं?"

"निष्कर्ष काय म्हणून विचारलं."

"मग?"

मी सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय." मग कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "साबण तितं हाय. हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

मी हात धुऊन आले आणि त्यांच्या शेजारी बसले. पेढ्यांचा पुडा दाराशीच राहिला. सरांना पट्टी गुंडाळायला दोन्ही हात मोकळे हवे होते आणि मामांचा पाय जमिनीला टेकला की जखमेला लागत होतं. कुणीतरी टाच उचलून धरायला हवी होती. मी हात पुढे केला आणि मधेच थांबले. काढलेल्या बोटाची रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर होती. चार ड्रेसिंगं माझी होती.

सरांनी वर न बघता सांगितलं, "हात लाव."

मी टाच धरली. ती जड होती आणि कोमट. मामांनी वाकून सरांच्या हातातल्या पट्टीचं मोकळं टोक चिमटीत धरलं, अंगठ्यानं दोनदा चोळलं.

"चांगली धुतलीय," ते म्हणाले.